दहा लक्ष पौंडांचा धनी कोण? : हैदराबादच्या लंडनमधील ठेवीची हकीकत

१. विषयाचे प्रयोजन

जुन्या दप्तरांत ठेवीचे कागद विपुल आढळतात. कोणी यात्रेस निघताना सावकारापाशी रोकड ठेवली, कोणी स्वारीवर जाताना दागिन्यांचा डबा जतनास दिला. पुढे धनी मेला, पेढी बुडाली किंवा राज्य पालटले, आणि ठेव कोणाची ह्यावरून कज्जा उभा राहिला, अशी प्रकरणे संशोधकांस व संग्राहकांस अपरिचित नाहीत. अशा कज्ज्यांत बहुधा तीन प्रश्न निघतात. ठेव कोणाच्या नावे जमा आहे? ती कोणत्या हेतूने ठेवली? आणि ठेवणारास ती ठेवण्याचा अधिकार होता काय? ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच माणसाकडे बोट दाखवीत असली म्हणजे कज्जा उद्भवत नाही. ती तीन निरनिराळ्या दिशांस गेली म्हणजे पिढ्या उलटल्या तरी निवाडा होत नाही.

ह्याच प्रकारचे, परंतु दोन राष्ट्रे, एक राजघराणे आणि लंडनची एक बँक ह्यांना गुंतवून ठेवणारे एक प्रकरण विसाव्या शतकात घडले. हैदराबाद संस्थानचे १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग सप्टेंबर १९४८ मध्ये लंडनमधील वेस्टमिन्स्टर बँकेत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेले. त्यांचा धनी कोण ह्याचा निकाल २ ऑक्टोबर १९१९ च्या नव्हे, तर त्याहून पूर्ण शंभर वर्षे पुढच्या, म्हणजे २०१९ सालच्या त्याच तारखेस लागला. मध्ये एकाहत्तर वर्षे गेली. हैदराबाद संस्थानात त्या काळी मराठवाड्याचे पाच जिल्हे मोडत असल्यामुळे मराठी वाचकांस हा विषय केवळ परदेशी कायद्याच्या कुतूहलाचा नाही. त्या राज्याच्या वसुलात त्यांच्या पूर्वजांचा वाटा होता. प्रस्तुत लेखात ह्या ठेवीची हकीकत क्रमाने सांगून, खात्यावरील नाव आणि ठेवीचे खरे धनीपण ह्यांत किती अंतर पडू शकते, व ते अंतर कोणत्या जातीच्या कागदांनी भरून निघते, हे दाखविण्याचे योजिले आहे.

२. बँकेतील ठेव म्हणजे काय?

आपल्याकडील व्यवहारात अमानत आणि ठेव हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जात असले तरी त्यांत भेद करणे इष्ट आहे. मोहोरबंद थैली सावकारापाशी जतनास दिली आणि तीच थैली, तीच मोहोर न फोडता, परत घ्यावयाची असली तर ती अमानत होय. तीतील नाणे धन्याचेच राहते. सावकार केवळ राखणदार असतो. उलट, रोकड सावकाराच्या वहीत जमा झाली आणि त्याने ती आपल्या उलाढालीत मिसळली, म्हणजे ती विशिष्ट नाणी सावकाराची झाली. ठेवणाराचे आता एवढेच राहिले की, तितकी रक्कम मागण्याचा हक्क.

बँकेतील खाते दुसऱ्या प्रकारात मोडते. इंग्लंडात हे तत्त्व १८४८ साली हाउस ऑफ लॉर्ड्स ह्या सर्वोच्च न्यायासनाने फोली विरुद्ध हिल ह्या निकालात कायम केले. त्याप्रमाणे बँक ही खातेदाराची ऋणको असते, विश्वस्त नसते. आणि खातेदार हा तिचा धनको असतो. म्हणून हैदराबादचे दहा लक्ष पौंड लंडनमध्ये 'होते' असे आपण म्हणतो, तेव्हा सोन्याची एखादी रास तेथे तळघरात पडली होती असे समजू नये. वेस्टमिन्स्टर बँक हैदराबादचे तितके देणे लागत होती, आणि ते देणे बँकेच्या वहीतील एका नावाशी बांधलेले होते. नाव बदलले की देणेकरी तोच राहिला, घेणेकरी बदलला.

येथे आणखी एक पायरी समजून घेतली पाहिजे. ज्याचे नाव खात्यावर आहे तो त्या रकमेचा कायद्याने धनी. परंतु त्याने ती दुसऱ्याकरिता विश्वासाने धारण केली असेल, तर लाभाचा धनी तो दुसरा ठरतो. नावाचा धनी आणि लाभाचा धनी हा भेद इंग्रजी न्यायपद्धतीत फार जुना असून विश्वस्तनिधीची सारी उभारणी त्यावर आहे. आपल्याकडील हुंडीच्या व्यवहारातही ही जाणीव दिसते. नामजोग हुंडी नाव लिहिलेल्या इसमासच पटवावयाची, धनीजोग हुंडी तिच्या धन्यास, आणि शाहजोग हुंडी प्रतिष्ठित शाहूकारामार्फत आलेली पाहून पटवावयाची, असा भेद आपल्या पेढ्यांनी केला होता. रक्कम कोणाच्या हाती द्यावयाची आणि ती अखेर कोणाची, हे दोन प्रश्न निराळे असल्याची खूण त्यात आहे. हैदराबादच्या प्रकरणात एकाहत्तर वर्षे जो वाद चालला तो ह्या दोन प्रश्नांमधील फटीत चालला.

३. सप्टेंबर १९४८

१५ ऑगस्ट १९४७ नंतर हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी दोहोंमध्ये 'जैसे थे' करार झाला. तो चालू असतानाच द्रव्यव्यवहाराचे दोन प्रश्न तंट्याचे मूळ होऊन बसले. भारतीय चलन संस्थानात चालू देण्यास हैदराबाद सरकारने प्रतिबंध केला, हा एक. आणि भारत सरकारच्या २० कोटी रुपयांच्या रोख्यांच्या रूपाने पाकिस्तानास कर्ज देऊ केले, हा दुसरा. परदेशांत वा परक्या सरकारच्या हाती असलेला संस्थानचा पैसा हा राजकारणाचा विषय आधीच झालेला होता, हे ह्यावरून ध्यानात येईल. ह्याच वर्षी सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या उड्डाणांनी हैदराबादेत शस्त्रे पोहोचवीत होता. त्याचा उल्लेख येथे करण्याचे कारण असे की, हीच शस्त्रे पुढे न्यायालयात ठेवीच्या वादाचा आधार म्हणून पुढे करण्यात आली.

ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे नेली. ती मांडण्याकरिता गेलेल्या शिष्टमंडळाचे प्रमुख नवाब मोईन नवाज जंग हे होते. संस्थानचे अर्थमंत्री ह्या नात्याने लंडनच्या खात्यावर हुकूम देण्याचा अधिकारही त्यांच्याकडे होता. एकाच इसमाच्या ठायी परराष्ट्रातील वकिली आणि खजिन्याची किल्ली एकत्र आल्यामुळे पुढील घटना शक्य झाली.

घटनांच्या तारखा ओळीने मांडल्या असता त्यांचा परस्परसंबंध आपोआप स्पष्ट होतो. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १६ सप्टेंबर रोजी पॅरिसमध्ये सुरक्षा समितीपुढे हैदराबादचा प्रश्न निघाला. १७ सप्टेंबर रोजी निजामांनी युद्ध थांबविल्याचे जाहीर केले. मराठवाड्यात हा दिवस मुक्तिसंग्रामाचा दिवस म्हणून पाळला जातो. १८ सप्टेंबर रोजी हैदराबादचे सेनापती अल इद्रूस ह्यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी ह्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. आणि २० सप्टेंबर रोजी, म्हणजे हैदराबादचे जुने मंत्रिमंडळ नाहीसे झाल्यानंतर तीन दिवसांनी, मोईन नवाज जंग ह्यांच्या हुकुमावरून हैदराबाद सरकारच्या खात्यातील १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग ही रक्कम हबीब इब्राहिम रहिमतुल्ला ह्यांच्या नावे जमा झाली.

रहिमतुल्ला हे त्या समयी लंडनमध्ये पाकिस्तानचे हायकमिशनर होते. मुंबईचे सुप्रसिद्ध पुढारी व मध्यवर्ती कायदेमंडळाचे एके काळचे अध्यक्ष सर इब्राहिम रहिमतुल्ला ह्यांचे हे पुत्र. रक्कम आपण विश्वासाने धारण करू, अशा आशयाचा मजकूर त्यांनी त्या वेळी लिहून दिला होता. ह्या एका शब्दाचे महत्त्व त्या घाईच्या दिवसांत कोणास कितपत वाटले असेल ते असो. सत्तर वर्षांनी निवाड्याचे ओझे ज्या कागदांवर पडले त्यांत हा अग्रस्थानी होता.

२७ सप्टेंबर रोजी निजाम मीर उस्मान अली खान ह्यांनी बँकेस कळविले की, हे हस्तांतर आपल्या अनुमतीवाचून झाले असून रक्कम पूर्ववत जमा करावी. बँकेने उत्तर दिले की, ज्यांच्या नावे आता खाते आहे त्यांच्या संमतीवाचून तसे करता येत नाही. बँकेच्या दृष्टीने हे उत्तर सरळ होते. अधिकारी इसमाचा हुकूम आला, तो तिने बजावला. आता तिचा घेणेकरी दुसरा होता. परंतु हक्काचा दावा एकदा तिच्या कानी पडल्यावर नव्या खातेदारासही रक्कम निर्धास्तपणे देऊन टाकणे तिला शक्य राहिले नाही. ह्याप्रमाणे आठवड्याभरात ठेव अशा अवस्थेस पोहोचली की, ती जुन्या धन्यास परत मिळेना आणि नव्यास उचलता येईना.

४. दावा अडला तो कशामुळे?

जुलै १९५४ मध्ये निजामांनी रहिमतुल्ला आणि बँक ह्यांच्यावर लंडनमध्ये दावा लावला. वरवर पाहता प्रश्न साधा होता: हुकूम देणारास हुकूम देण्याचा अधिकार होता की नाही, आणि रक्कम घेणाराने ती कोणाकरिता घेतली. परंतु त्या प्रश्नापर्यंत न्यायालय पोहोचलेच नाही. पाकिस्तानच्या बाजूने हरकत निघाली ती अशी की, रहिमतुल्ला हे आपल्या राष्ट्राचे वकील म्हणून खाते धारण करीत आहेत. त्यांच्यावरील दावा हा वस्तुतः पाकिस्तानवरील दावा आहे. आणि सार्वभौम परराष्ट्रास त्याच्या इच्छेविरुद्ध इंग्लंडच्या न्यायालयात खेचता येत नाही.

प्रथम न्यायाधीशांनी ही हरकत मान्य केली, अपील न्यायालयाने अमान्य केली, आणि ७ नोव्हेंबर १९५७ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने ती पुन्हा मान्य करून दावा स्थगित केला. खात्याचे कायदेशीर धनीपण रहिमतुल्ला ह्यांच्याकडे आहे, आणि ते पाकिस्तानचे मुखत्यार म्हणून आहे, एवढे दिसून आल्यावर पुढे जाता येत नाही, असे बहुमताचे मत पडले. लॉर्ड डेनिंग ह्यांनी निकालास संमती दिली, परंतु कारणे निराळी मांडली. वाद परराष्ट्राच्या राजकीय कृत्यासंबंधी आहे की निव्वळ व्यापारी व्यवहारासंबंधी आहे हे पाहून मुक्तता द्यावी वा नाकारावी, असे त्यांचे म्हणणे होते. ते त्या वेळी एकाकी पडले; परंतु १९७८ साली ब्रिटिश पार्लमेंटने ह्या विषयावर जो कायदा केला त्यात व्यापारी व्यवहारांस मुक्ततेतून वगळण्यात आले.

ह्या निकालाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे, कारण त्याविषयी गैरसमज पुष्कळ आहे. ठेव पाकिस्तानची आहे असे हाउस ऑफ लॉर्ड्सने मुळीच ठरविले नाही. ती कोणाची ह्याची चौकशी, पाकिस्तानची संमती नसताना, करता येणार नाही, एवढेच ठरले. किल्ला जिंकला गेला नव्हता. दरवाजा तेवढा बंद झाला होता. आणि तो आतून बंद करणाराही आत अडकला होता. कारण पाकिस्तानला रक्कम हवी असती तर बँकेकडे मागणे भाग होते, बँकेने नकार दिला असता तर दावा लावणे भाग होते, आणि दावा लावणे म्हणजे स्वतःच न्यायालयाच्या अधिकारास मान तुकविणे होते. ही कोंडी छप्पन्न वर्षे टिकली.

५. पौंडाचा रुपयात हिशेब

नाणकशास्त्राचे अभ्यासक ह्या प्रकरणाकडे आणखी एका बाजूने पाहू शकतील. परचलनातील ठेवीचा आकडा स्थिर असतो, पण तिचे देशी मोल स्थिर राहत नाही, ह्याचे हे ठळक उदाहरण आहे.

१९४८ साली कलदार रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १ पौंडास १३ रुपये ५ आणे ४ पै असा होता. ह्या दराने ठेवीची किंमत सुमारे १ कोटी ३४ लक्ष ३९ हजार कलदार रुपये होते. हैदराबादचे स्वतःचे हाली शिक्क्याचे नाणे कलदाराहून हलके असून ७ हाली रुपयांस ६ कलदार असा त्यांचा प्रमाणभाव होता. त्या मानाने हाली रुपयांत हीच रक्कम सुमारे १ कोटी ५७ लक्ष भरते.

सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे डॉलरमधील मोल ४.०३ वरून २.८० वर उतरविण्यात आले. भारताने आपला रुपया पौंडाबरोबर खाली नेला, पाकिस्तानने नेला नाही. परिणामी १०० पाकिस्तानी रुपयांस १४४ भारतीय रुपये असा दर झाला, आणि १९५४ साली दावा दाखल झाला तेव्हा तीच ठेव भारतीय रुपयांत १ कोटी ३४ लक्षांची, पण पाकिस्तानी रुपयांत सुमारे ९३ लक्षांचीच होती. १९५५ साली पाकिस्ताननेही अवमूल्यन केले आणि हा फरक मिटला. जून १९६६ मध्ये भारतीय रुपयाचे अवमूल्यन होऊन पौंड २१ रुपयांचा झाला, तेव्हा मुद्दलाचे मोल २ कोटी ११ लक्षांवर गेले. पुढील वर्षाच्या नोव्हेंबरात पौंडच पुन्हा घसरल्याने ते १ कोटी ८१ लक्षांवर आले. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी इंग्लंडात शिलिंग मोडीत निघून दशमान पद्धती आली, आणि शेवटचे ९ शिलिंग हिशेबात ४५ पेन्स झाले. दरम्यान वेस्टमिन्स्टर बँकही दुसऱ्या एका बँकेशी एकत्र होऊन नॅशनल वेस्टमिन्स्टर ह्या नावाने चालू लागली होती. संस्थान गेले, हाली शिक्का गेला, शिलिंग गेला, बँकेचे जुने नाव गेले. खतावणीतील नोंद तेवढी राहिली.

२०१९ साली निकालाच्या वेळी व्याजासह रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने ३०० कोटी रुपयांच्या घरात होती. मूळ रकमेची ही पस्तीस पट होय. एकाहत्तर वर्षांत पस्तीस पट म्हणजे दर साल सरासरी सुमारे ५ टक्के चक्रवाढ पडते. आकडा डोळे दिपविणारा असला तरी दर अगदी मध्यम आहे. डोळे दिपतात ते काळाच्या लांबीमुळे.

६. दरवाजा उघडला

निजाम मीर उस्मान अली खान २४ फेब्रुवारी १९६७ रोजी वारले. तत्पूर्वी १९६३ साली त्यांनी ह्या रकमेसंबंधी आपल्या दोन नातवांच्या, मुकर्रम जाह व मुफख्खम जाह ह्यांच्या, लाभाकरिता विश्वस्तनिधी केला होता, आणि १९६५ साली आपला हक्क भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे लिहून दिला होता. ह्याप्रमाणे एका धन्याच्या जागी दोन हक्कदार उभे राहिले: भारत सरकार आणि राजपुत्र.

२०१३ साली पाकिस्तानच्या हायकमिशनरांनी लंडनच्या न्यायालयात बँकेविरुद्ध ठेवीची मागणी केली. वर सांगितलेली कोंडी फुटली ती येथे. वादी होऊन जो न्यायालयात आला त्याने आपली मुक्तता सोडली, हे तत्त्व लागू झाले. परिणाम ध्यानात आल्यावर दावा काढून घेण्याचा प्रयत्न झाला, परंतु २०१५ साली न्यायालयाने तसे होऊ दिले नाही. छप्पन्न वर्षांपूर्वी जी चौकशी थांबली होती ती आता पुढे चालली. बँकेने ठेवीवर स्वतःचा हक्क सांगितला नाही. ज्याची ठरेल त्यास द्यावयाची एवढीच तिची भूमिका होती. भारत सरकार व दोन्ही राजपुत्र ह्यांनी आपसांत तडजोड करून एकत्र बाजू मांडली.

२ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ ह्यांनी निकाल दिला. पाकिस्तानचे मुख्य म्हणणे दोन प्रकारचे होते. पहिले असे की, हैदराबादेस पुरविलेल्या शस्त्रांच्या बदल्यात ही रक्कम दिली गेली. दुसरे असे की, भारताच्या हाती ती पडू नये म्हणून रक्षणार्थ ती पाकिस्तानकडे सोपविण्यात आली. शस्त्रांचा पुरवठा झाला हे न्यायालयाने नाकारले नाही. परंतु त्या शस्त्रांच्या किमतीशी ह्या विशिष्ट रकमेची सांगड पुराव्याने सिद्ध होत नाही, असे ठरविले. दुसऱ्या म्हणण्याची गती तर अशी आहे की, ते मान्य केले तरी पाकिस्तानला उपयोगी पडत नाही. रक्षणार्थ घेतलेली वस्तू ती रक्षणार्थ देणाराचीच राहते. राखणदाराची होत नाही. हे हस्तांतर परराष्ट्राचे राजकीय कृत्य असल्याने न्यायालयाने त्यात पडू नये, तसेच व्यवहार बेकायदेशीर असल्याने दाद देऊ नये, हे दोन्ही आक्षेपही फेटाळले गेले. रहिमतुल्ला ह्यांच्या नावे गेलेली रक्कम ही निजामांकरिता विश्वासाने धारण केलेली होती. लाभाचे धनी सातवे निजाम होते. आणि आता त्यांच्या द्वारे हक्क सांगणारे भारत सरकार व दोन राजपुत्र हे तीस पात्र आहेत, असा निवाडा झाला.

येथे संशोधकांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट म्हणजे, व्यवहारात प्रत्यक्ष असलेला एकही इसम ह्या वेळी साक्षीस हयात नव्हता. हुकूम देणारे, घेणारे आणि हरकत घेणारे तिघेही कालवश झाले होते. म्हणून सारी भिस्त समकालीन लेखांवर पडली: बँकेस दिलेला हुकूम, विश्वासाने धारण करण्याविषयीचे पत्र, २७ सप्टेंबरचा निरोप, आणि त्या काळचा सरकारी पत्रव्यवहार. नंतरच्या वर्षांत प्रत्येक पक्षाने आपापल्या सोयीने जे सांगितले त्यापेक्षा त्या पंधरवड्यात, वादाची जाणीव पुरती होण्यापूर्वी, जे लिहिले गेले त्यास अधिक वजन मिळाले. ऐतिहासिक साधनांच्या परीक्षणात बखर आणि अस्सल पत्र ह्यांत आपण जो तरतमभाव करतो तोच हा होय.

७. दिवाणी की सर्फेखास?

मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न ह्या निकालानंतरही राहील, व तो रास्त आहे. हैदराबादच्या महसुलाचे दोन भाग होते. दिवाणी मुलखाचा वसूल राज्याच्या खजिन्यात जाई, आणि सर्फेखास मुलखाचा वसूल निजामांच्या खाजगीकडे जाई. सर्फेखास मुलूख फेब्रुवारी १९४९ मध्ये दिवाणीत विलीन करण्यात आला. लंडनमधील खाते मात्र त्यापूर्वीचे असून हैदराबाद सरकारच्या नावे होते. तर मग तो पैसा राज्याचा की राजाचा?

निजाम हे एकतंत्री सत्ताधीश असल्यामुळे राज्य आणि राजा ह्यांच्यातील रेषा तेथे पुसट होती, आणि पाकिस्तानचा हक्क तपासण्यापुरते न्यायालयाला निजाम हे लाभाचे धनी होते एवढे ठरविणे पुरेसे झाले. निजामांच्या पश्चात राज्याचा उत्तराधिकारी जे भारत सरकार आणि घराण्याचे उत्तराधिकारी जे राजपुत्र, त्यांनी आपसांत समेट केला असल्याने त्यांच्यामधील वाटणी न्यायालयापुढे आलीच नाही. म्हणजे दिवाणी की सर्फेखास हा प्रश्न तडजोडीने मिटला, निवाड्याने सुटला नाही.

तथापि इतिहासाच्या दृष्टीने तो सोडून देण्याजोगा नाही. तत्कालीन औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी व उस्मानाबाद हे पाच जिल्हे १९५६ साली मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्राचे अंग झाले. ह्या जिल्ह्यांतील रयतेने भरलेला सारा, अबकारी व जकात हैदराबादच्या खजिन्यात जात असे. सरकारच्या नावे परदेशात साठविलेल्या पैशाचा झरा अखेरीस रयतेच्या वसुलातच असतो. सप्टेंबर १९४८ मधील तो हुकूम ज्यांच्या पैशावर चालला त्यांस कोणी विचारले नव्हते. आणि पुढील एकाहत्तर वर्षांत ज्या ज्या पक्षांनी हक्क सांगितला त्यांत रयत ह्या नावाने कोणी उभे राहिले नाही. तिचा हक्क सांगितला गेला तो भारत सरकारच्या मुखाने. लाभाचा धनी हा शब्द ह्या अर्थानेही वापरता येईल, आणि तो त्या अर्थाने वापरण्याचे काम न्यायालयाचे नसले तरी इतिहासकाराचे आहे.

८. संग्राहकांस सूचना

ह्या प्रकरणावरून कागदपत्रे जमविणारांनी काही व्यावहारिक बोध घेण्याजोगा आहे. ठेवीसंबंधीचे कागद हाती लागले असता बहुधा मोठ्या आकड्याचा कागद, मोहोर असलेला कागद किंवा प्रसिद्ध पुरुषाच्या सहीचा कागद जपून ठेवला जातो, आणि त्यासोबतची चिठ्ठी, पोहोच, तारेची प्रत, लिफाफा अशी 'किरकोळ' सामग्री वेगळी पडते किंवा रद्दीत जाते. वस्तुतः रक्कम कोणाच्या नावे गेली हे मोठा कागद सांगतो. ती कोणाकरिता गेली हे सोबतची चिठ्ठी सांगते. आणि ती कधी व कोणत्या क्रमाने गेली हे लिफाफ्यावरील व तारेवरील शिक्का सांगतो. दहा लक्ष पौंडांच्या खात्याचा निवाडा ह्या दुसऱ्या व तिसऱ्या जातीच्या कागदांवाचून होऊ शकला नसता.

म्हणून सावकारी दप्तर उकलताना रोजकीर्द, खतावणी आणि त्यांत अडकविलेल्या सुट्या चिठ्ठ्या एकमेकींपासून विलग करू नयेत. ज्या पानात चिठ्ठी सापडली त्या पानाचा उल्लेख तीवर शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात करून ठेवावा. हस्तांतराच्या नोंदीपुढे 'बाबत', 'मारफत', 'अमानत', 'हस्ते' असे जे लहान शब्द येतात ते नक्कल करताना गाळू नयेत. जमाखर्चाच्या बेरजेत त्यांना किंमत नाही, परंतु धनीपणाचा सारा प्रश्न पुष्कळदा त्यांतच साठविलेला असतो. हैदराबाद संस्थानच्या मराठवाड्यातील तहसिलींचे व पेढ्यांचे कागद ज्यांच्या संग्रही असतील, त्यांनी दिवाणी व सर्फेखास वसुलाच्या नोंदी ह्या दृष्टीने निराळ्या काढून प्रसिद्ध केल्यास, न्यायालयात जो प्रश्न तडजोडीने मिटला त्याचे उत्तर निदान इतिहासाला तरी देता येईल.